आम्ही म्हणजे किती जण?

प्रेस्टनच्या लायब्ररीत, दर मंगळवारी,
रेडिएटरला पाठ लावून बसतात ग्लेनिसबाई.
एकतीस वर्षं लोकांच्या मुलाखती घेतल्या,
आता फुकट शिकवतात, त्या द्यायच्या कशा.
अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ उलटं ठेवतात:
दोन मिनिटं. वाळू संपली की माझं लक्ष संपलं.

टेबलावर चार पिवळ्या चिठ्ठ्या.
प्रसंग काय होता. तुमच्यावर काय होतं.
तुम्ही काय केलंत. शेवटी काय झालं.
पहिली लहान ठेवा, तिसरी मोठी.
माझं नेमकं उलटं,
माझ्या नमनालाच घडाभर तेल:
मिरज कुठे आली, रक्तपेढी कितव्या मजल्यावर,
जनरेटरचं डिझेल कोणी भरायचं यावरून
दोन खात्यांत धरलेला अबोला.
वाळू संपली,
फ्रिज अजून बंदही पडला नव्हता.

पुढच्या मंगळवारी थेट रात्री अडीचला पोचले.
फ्रिज बंद. आत त्रेचाळीस पिशव्या.
आम्ही बर्फ आणला.
आम्ही डेअरीवाल्या चौगुल्यांना उठवलं.
आम्ही खोकी त्यांच्या शीतगृहात हलवली.
ग्लेनिसबाईंनी पेन खाली ठेवलं.
आम्ही म्हणजे किती जण?

मी बोटांवर मोजू लागले.
वॉर्डबॉय दस्तगीर, त्याची स्कूटर, सहा फेऱ्या.
चौगुल्यांची सून, जिने झोपेतल्या झोपेत
दुधाचे कॅन बाहेर ओढले.
आणि मी.
फोन मी केला. थर्मामीटर मी धरला.
दर दहा मिनिटांनी आकडा मी लिहिला.
हे असं सुटं सुटं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.
आमच्या गोष्टींत मी मी म्हणणारे
शेवटी तोंडावर आपटतात.

अहो, ते दस्तगीरला नोकरी देणार नाहीत,
त्या म्हणाल्या, तुम्हाला देणार आहेत.
बरोबरच होतं.
तरी त्याला सहाव्या फेरीवरून
पायी परत पाठवल्यासारखं वाटलं.

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे दोन आहेत:
आम्ही, ज्यात तुम्ही नाही,
आणि आपण, ज्यात तुम्हीही आलात.
त्यांनी घड्याळ आडवं केलं.
वाळू मध्येच थांबली.
पुन्हा सांगा, म्हणाल्या.

घरी श्रीरंगसमोर सराव. तो पोळ्या लाटत होता.
एक्केचाळीस वाचवल्या, मी म्हटलं. शेकडा पंचाण्णव.
आणि उरलेल्या दोन?
त्या चौथ्या चिठ्ठीवर मावत नाहीत.
त्याने पोळी उलटली, काही बोलला नाही.

गुरुवारी समोर तिघं. एकाला सर्दी.
पंचाण्णव जिभेवर तयार होतं.
सगळ्यात तरुण मुलीने विचारलं,
तुमच्याकडून चूक झाल्याचा एखादा प्रसंग?
खरं तर तिने विचारलं होतं, तुम्ही चूक केलीत तेव्हा.
मराठीत सोय आहे: चूक आपली आपण होते,
कपासारखी हातातून निसटते.
इंग्रजीत ती कोणीतरी करावी लागते.

मी केली.
गजर वाजत होता, मला वाटलं, लाइट गेल्याचा बीप.
वीस मिनिटं मी रजिस्टर भरत बसले.
दोन पिशव्या दाराला लागून होत्या,
दहा अंशांच्या वर गेल्या. मी त्या टाकून दिल्या.
एक, सुईला घाबरणाऱ्या कॉलेजच्या पोराची.
दुपारी त्याचा हात मीच धरला होता.

त्यानंतर काय बदललं?
त्यानंतर मी कुठलाही बीप
दुसऱ्यांदा वाजायची वाट बघत नाही.

सर्दीवाला बराच वेळ लिहीत राहिला.
वाळू कुठेच नव्हती. किती मिनिटं झाली, देव जाणे.

वी विल लेट यू नो, ते म्हणाले.
बसस्थानकावर, फुलवूडच्या बसची वाट बघत,
मी ते मराठीत करून पाहिलं.
आपण कळवू. छे.
आम्ही कळवू.
अजून आम्हीच.